जुना ट्रॅक्टर घेताय? इसार देण्याआधी गिअरबॉक्सचं ऑइल पाहा

यवतमाळ : कापूस विकून हातात पैसा आला की गावोगावी जुन्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू होतात. घेणारा बहुतेक वेळा इंजिनचा आवाज ऐकतो, धूर पाहतो, टायर पाहतो आणि इसार देऊन मोकळा होतो. खर्चाचं मोठं काम मात्र मागच्या भागात लपलेलं असतं. गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन, एक्सल आणि लिफ्ट या सगळ्याचा भार याच भागावर असतो. तो खोलायची वेळ आली तर ट्रॅक्टर मधून सुटा करावा लागतो आणि ऐन हंगामात काम अडतं.

थंड ट्रॅक्टर पाहा

ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना सकाळी जा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने रात्रीतून तळाला बसतं. मिस्त्रीकडून खालचा ड्रेन नट थोडा सैल करून घ्या. आधी पाण्याचे थेंब आले तर आत पाणी शिरलंय हे नक्की. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तरी अर्थ तोच. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असेल तर पावसात उभ्या ट्रॅक्टरमध्ये तिथूनही पाणी उतरतं. पाण्याने बेअरिंगला गंज चढतो.

ऑइल एकदम नवं, स्वच्छ दिसलं म्हणून खूश होऊ नका. कधी बदललं, का बदललं ते विचारा, बिल मागा. विकण्याआधी ऑइल बदललं की जुन्या ऑइलमधला पुरावाही जातो.

बोटांनी चोळून पाहा

थोडं ऑइल दोन बोटांत चोळा. ड्रेन नटला चुंबक असेल तर त्यावरची बारीक राखाडी पेस्ट ही रोजची झीज असते. पण टोचणारे कण किंवा लोखंडाचे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय असं समजा.

सील आणि चाकं

मागच्या चाकांची आतली बाजू आणि पीटीओ शाफ्टभोवती पाहा. ऑइलवर माती चिकटून काळा थर झाला असेल तर सील गळतंय. ट्रॅक्टर नुकताच धुतलेला असेल तर अर्धा तास चालवून परत पाहा. सील स्वस्त असतं, पण झिजलेल्या बेअरिंगमुळे ते गेलं असेल तर नवं सीलही टिकत नाही. पीटीओजवळ हात घालताना इंजिन बंदच हवं.

शेतात चालवा, रस्त्यावर नाही

रिकामा ट्रॅक्टर सगळ्या गिअरमध्ये चांगलाच चालतो. म्हणून नांगर किंवा रोटाव्हेटर लावून काळ्या रानात दोन-चार तास चालवा. भाराखाली गिअर आपोआप सुटतो का, वळताना मागून ठोके येतात का, हे ऐका. अवजार उचलून इंजिन बंद करा. ते काही मिनिटांतच खाली बसलं तर लिफ्टमध्ये गळती आहे.

कागदही तपासा

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी जुळवा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचेही कागद मागा.

दोष निघाला म्हणजे सौदा मोडलाच पाहिजे असं नाही. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. मात्र नट सैल करू द्यायला किंवा शेतात चालवू द्यायलाच विकणारा तयार नसेल, तर तो ट्रॅक्टर सोडलेला बरा.