पुत्योलीचा धक्का : रोमन किनाऱ्यावर काय पाहावे?

आपल्या समाजातील मुलेमुली आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी युरोपात जातात, सुट्टीत इटलीही पाहून येतात. परत आल्यावर बहुतेकांच्या बोलण्यात रोमचे कलोसियम, पिसाचा कललेला मनोरा आणि व्हेनिसच्या होड्या एवढेच असते. ते पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या मुलुखात सोपारा, कल्याण, जुन्नर, तेर ही गावे आहेत, त्या मुलुखातील माणसाने रोमच्या दक्षिणेस नेपल्सच्या आखातापर्यंत गेलेच पाहिजे. कारण आपल्या किनाऱ्यावरून निघालेला माल जिथे उतरत असे, ते बंदर तिथे आहे. त्या बंदराचे आजचे नाव पोझुओली. रोमन लोक त्याला पुत्योली म्हणत.

माल कसा जाई हे विद्यार्थ्यांनी नकाशा पुढे ठेवून पाहावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने 'पेरिप्लस' नावाची सागरी मार्गाची माहितीपुस्तिका लिहिली. तीत भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे आणि घाटावरील पैठण व तेर (त्याचे 'तगर') यांची नावे आली आहेत. तेरचे कापड आणि पैठणचे अकीक गाड्यांतून बंदरावर येत. मोसमी वाऱ्याच्या बळावर जहाजे तांबड्या समुद्रातील बेरेनिके बंदराला लागत. तिथून वाळवंटातून उंटांच्या पाठीवरून माल नाईलकाठच्या कोप्टोसला, तिथून नदीतून अलेक्झांड्रियाला, आणि मग भूमध्य समुद्रातून पुत्योलीला जाई. वाटेत रोमन सरकार किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतकी जकात घेई. हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली आहे.

याच बेरेनिके येथे इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात २०२२ साली तथागतांची ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी मूर्ती मिळाली. तिचा दगड आजच्या इस्तंबूलजवळच्या खाणीतला असून ती बहुधा अलेक्झांड्रियात घडविली गेली, असे उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे मूर्ती भारतातून नेलेली नाही. बुद्धमूर्ती हवी असणारी माणसेच तिथे वावरत होती.

आता पोझुओलीकडे वळू. नेपल्सहून लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासात तिथे पोहोचता येते. गाव साधे आहे, मासळी बाजाराचा वास येतो, आणि भर वस्तीत एका खोलगट चौकात संगमरवरी खांब उभे दिसतात. हा रोमन काळचा बाजार. इथे सेरापिस देवाची मूर्ती मिळाल्याने लोक पुष्कळ वर्षे त्याला मंदिरच समजत होते. खांबांकडे नीट पाहावे. जमिनीपासून काही उंचीवर दगडाला बारीक भोके पडलेला एक पट्टा आहे. ही भोके समुद्रातील शिंपल्याच्या जातीच्या प्राण्यांनी पाडली आहेत. म्हणजे हे खांब उभे असतानाच समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले! भूगर्भातील उष्ण रस, वायू आणि पाणी यांच्या दाबाने येथील जमीन हळूहळू उचलते व खचते. चार्ल्स लायेल याने १८३० साली आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या प्रारंभी याच खांबांचे चित्र छापले. १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर वर आली. २००५ पासून ती पुन्हा वर येऊ लागली, आणि मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला. म्हणून जाण्यापूर्वी कोणती ठिकाणे उघडी आहेत याची चौकशी अवश्य करावी.

गावातील अ‍ॅम्फीथिएटर इटलीतील मोठ्यांपैकी तिसरे गणले जाते. त्याच्या पायऱ्यांपेक्षा तळघर अधिक पाहण्यासारखे आहे. श्वापदांचे पिंजरे वर चढविण्याच्या जागा आणि माणसे ताटकळत उभी राहत ते बोळ तिथे शाबूत आहेत. वर बसणाऱ्यांची करमणूक खाली कोणाच्या जिवावर चाले, हे तळघरात उतरल्याशिवाय कळत नाही.

प्रवासी मंडळी सम्राटांचीच नावे विचारतात. या बंदराचा गाडा ज्यांनी ओढला त्यांचीही नावे सुदैवाने उरली आहेत. इजिप्तच्या वाळवंटात बेरेनिकेच्या वाटेवर एका गुलामाने इ.स. ६ मध्ये खडकावर आपले नाव कोरले : लिसास, अ‍ॅनिअस प्लोकॅमस याचा गुलाम. हे अ‍ॅनिअस घराणे पुत्योलीचे व्यापारी होते असे अभ्यासक मानतात. १९५९ साली पॉम्पेईजवळ रस्ता बांधताना लाकडी पाट्यांचे एक दप्तर मिळाले. ते पुत्योलीच्या सुल्पिसी नावाच्या सावकारी पेढीचे होते, आणि हे सावकार स्वतः गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. त्यात इ.स. ३७ चा एक कर्जरोखा आहे. नोव्हियस युनस नावाचा व्यापारी हेसिकस नावाच्या गुलामाकडून १०,००० सेस्टर्स कर्ज घेतो आणि वखारीतला ७,००० माप अलेक्झांड्रियाचा गहू तारण ठेवतो. कर्ज देणारा गुलाम! पैसा अर्थातच धन्याचा, पण व्यवहार त्याच्या हातचा.

याच गावी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख सापडला. मयतांची विल्हेवाट लावण्याचे काम नगरीने ठेक्याने दिले होते, त्याच्या अटी त्यात आहेत. ठेकेदाराने किमान ३२ माणसे ठेवावीत. त्यांचे वय २० ते ५० असावे. त्यांनी ठरलेल्या बुरुजाच्या आत, म्हणजे नगरीच्या बाजूस, राहू नये. रात्रीचा पहिला प्रहर लागण्यापूर्वी स्नान करू नये. कामाखेरीज नगरीत येऊ नये, आणि येताना डोक्यावर रंगीत टोपी घालावी. आकड्याने प्रेत ओढून न्यायचे असेल तेव्हा लाल कपडे घालावेत. प्रेते जास्त असतील तर घंटा वाजवावी. कोणा धन्याला आपल्या गुलामास देहदंड द्यावयाचा असेल तर फटके मारणाऱ्यास व मारेकऱ्यास प्रत्येकी ४ सेस्टर्स. सारे अगदी निर्विकारपणे, दरपत्रक लिहावे तसे लिहिले आहे.

हे वाचताना गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आठवणार नाही असा आपल्यात कोण आहे? तथापि तुलना जपून करावी असे आम्हांस वाटते. रोममध्ये मुक्त झालेला गुलाम नागरिक होऊ शकत असे. त्याचा मुलगा स्वतंत्रच जन्माला येई, आणि सुल्पिसींप्रमाणे एखादा पेढीही चालवी. हलकेपणा धंद्याला चिकटलेला होता, पण तो पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरतो असे शास्त्र तिथे कोणी रचले नव्हते. विद्यार्थ्यांनी हा फरक आणि हे साम्य दोन्ही ध्यानात ठेवावे.

पोझुओलीच्या परिसरातील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो गिलावा पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन लोकांचे धक्के व बंदराच्या भिंती याच मिश्रणाच्या. ही राख जहाजातून पार पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील सीझरियापर्यंत नेली जाई. जवळच्या बाया गावी श्रीमंतांचे बंगले होते. जमीन खचल्याने ते आता पाण्याखाली आहेत. काचेच्या तळाच्या होडीतून फरश्या, भिंती दिसतात. पुतळे मात्र नकला आहेत, अस्सल पुतळे वरच्या किल्ल्यातील संग्रहालयात ठेवले आहेत. त्याच बाजूला बाकोली येथे ४८ खांबांचे प्रचंड जमिनीखालचे टाके आहे. आपल्या लेण्यांतील पोढी पाहिलेल्या माणसाने ते चुकवू नये.

काप्री बेटाबद्दल थोडक्यात. सम्राट टायबेरियस इ.स. २७ पासून ३७ पर्यंत येथे राहिला. त्याच्या वाड्याचे अवशेष कड्याच्या टोकावर आहेत आणि पाऊण तास चढ चढावा लागतो. मोठाली टाकी बांधून पावसाचे पाणी साठविले, कारण बेटावर पाणी अपुरे. बाकी बेट महाग आहे, गर्दी फार. वेळ व पैसे कमी असतील तर आम्ही काप्री सोडून द्या म्हणू, पोझुओली सोडू नका.

परतताना नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. तिथे सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इ.स. ७९ च्या उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले तेव्हा ती एका घरात होती, आणि १९३८ साली सापडली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता बरेच जण यक्षी म्हणतात. तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून ती वायव्येकडून गेली असे काहींना वाटते. परंतु तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळालेल्या आहेत.

या व्यापाराचा पैसा आपल्याकडे कुठे गेला, हेही दगडावर लिहिलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी, तर चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. हे यवन म्हणजे रोमनच असे मात्र समजू नये. पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही तेव्हा यवन म्हणत, आणि कार्ल्याच्या लेखांतील काहींची नावे तर अस्सल इकडच्या वळणाची आहेत.

इटलीचे तिकीट काढण्याआधी एका रविवारी कार्ले आणि जुन्नर, आणि सवडीने धाराशिव जिल्ह्यातील तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहून घ्यावे. तेरची मूर्ती आधी पाहिलेली असली, म्हणजे नेपल्सच्या काचेपलीकडची मूर्ती कोणासारखी दिसते हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही.