प्रशीतनाच्या हुन्नरात प्रवेश

दहावी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञाचा जो अभ्यासक्रम उपलब्ध आहे, त्याची मुदत २ वर्षांची असून, त्याअखेर मिळणारा दाखला आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनावर केलेली उमेदवारी, या दोहोंच्या बळावर या व्यवसायात रुजू होणे सर्वांत श्रेयस्कर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हाताची खरी परीक्षा ब्रेझिंगमध्ये होते. तांब्याच्या नळ्यांचा सांधा तापवीत असता आतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडला नाही, तर आतल्या अंगास ऑक्साइडची काळी खपली धरते, आणि तीच पुढे सुटून कॅपिलरीच्या सूक्ष्म छिद्रात अडकते. व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा पुरता काढण्यापूर्वीच गॅस भरण्याची घाई तितकीच घातक, कारण तो ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल निर्माण करून मोटारीचे वेष्टण पोखरतो.

विजेचे ज्ञान तर अपरिहार्यच. शिवाय मॉन्ट्रियल करारानुसार ओझोननाशक शीतक वायू आर-२२ हद्दपार होत असताना त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील, आणि आर-२९० हा तर साक्षात प्रोपेन असल्याने, गळती तपासण्याची शिस्त नवशिक्याने पहिल्या दिवसापासूनच अंगी बाणवावी.