जुनी भ्रमणगाडी पारखताना

डिंभ्यावरून आहुप्याकडे अथवा जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणाऱ्या, पावसाळ्याअखेर जर्जर झालेल्या रस्त्यांवर ज्याला मनसोक्त हिंडावयाचे आहे, परंतु ज्याची ऐपत बेताची आहे, त्याने अश्वशक्तीच्या आकड्यांनी मोहित होण्यापूर्वी मोटारसायकलीच्या वजनाचा विचार करावा. कारण चिखलात आडवी झालेली गाडी अखेर ज्याची त्यालाच उचलावी लागते. २०१६ साली अवतरलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनची (४११ सीसी) बीएस-६ आवृत्ती १९९ किलोंची, तर २०१९ ची हीरो एक्सपल्स २०० तिच्याहून चाळीसेक किलोंनी हलकी; जमिनीपासूनचे अंतर मात्र दोहींचे २२० मिलिमीटर. सामानसुमानासह माळशेज उतरून कल्याण गाठणाऱ्यास पहिली मानवेल, आडवाटांच्या शौकिनास निःसंशय दुसरी. आरंभीच्या हिमालयन कार्ब्युरेटरच्या आहेत, हे ध्यानी असावे.

प्रत्यक्ष पाहणीत पुढील चाक अधांतरी धरून हँडल सावकाश फिरवावे. ते मध्येच अडखळल्यास स्टिअरिंगचे बेअरिंग झिजले असे समजावे. फोर्कवर तेलाचा ओघळ, सैल आरे आणि इंजिनाखालच्या पत्र्यावरील पोचे हे विक्रेत्याच्या वाक्चातुर्याहून अधिक विश्वसनीय साक्षीदार होत.

चासी व इंजिनाचे क्रमांक नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास सावकार संस्थेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ हाती पडेपर्यंत बयाणा देऊ नये. हस्तांतरणास नमुना २९ व ३० लागतात. एमएच-१४ नोंदणीच्या गाड्यांची दप्तरे पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात असतात.