केबल टीव्हीवर देखरेख कुणाची? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ दिसला की लोक नगरसेवकाला फोन लावतात, महिन्याचे पैसे वाढले की तहसील कचेरीकडे बोट दाखवतात. केबलच्या कारभारात स्थानिक यंत्रणेला अधिकार आहेत, पण लोक समजतात ते नव्हेत.

गैरसमज १ : केबलवाल्याला नगरपालिका परवाना देते.

वस्तुस्थिती : केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) अधिनियम, १९९५ नुसार केबलचालकाने नोंदणी करणे सक्तीचे आहे. ही नोंदणी अनेक वर्षे मुख्य टपाल कार्यालयात होत असे. जानेवारी २०२५ पासून ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. तिचे शुल्क पाच हजार रुपये, मुदत पाच वर्षे.

पालिकेचा अधिकार जागेपुरता आहे. तिच्या ताब्यातील रस्त्याखालून वायर न्यायची किंवा खांब रोवायचा, तर तिची परवानगी लागते. खोदलेला रस्ता केबलचालकाने पूर्ववत करायचा किंवा त्याचा खर्च भरायचा. सार्वजनिक हितासाठी वायर किंवा खांब हलवायला पालिका सांगू शकते, तेही त्याच्याच खर्चाने. त्यामुळे लोंबकळत्या वायरींची तक्रार पालिकेकडेच करावी.

गैरसमज २ : करमणूक शुल्क गेले, तसा जिल्हाधिकाऱ्यांचा केबलशी संबंधही संपला.

वस्तुस्थिती : जीएसटी आल्यावर, १ जुलै २०१७ पासून, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून होणारी करमणूक शुल्काची वसुली थांबली. कायद्याने दिलेले अधिकार मात्र कायम आहेत. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे आपापल्या हद्दीत ‘प्राधिकृत अधिकारी’ असतात. नोंदणीशिवाय केबल चालवणाऱ्याची यंत्रसामग्री ते जप्त करू शकतात. त्यानंतर ३० दिवसांत नोंदणी केली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या न दाखवणाऱ्यावरही कारवाई होते. दोन समाजांत तेढ वाढवणारे प्रक्षेपण केबलवरून रोखण्याचा आदेशही त्यांना काढता येतो.

गैरसमज ३ : जिल्हा समिती कोणत्याही वाहिनीला शिक्षा करू शकते.

वस्तुस्थिती : जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीचे अध्यक्ष जिल्हा दंडाधिकारी असतात. पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी अशांचा तिच्यात समावेश असतो. केबलचालक स्वतः चालवतो त्या स्थानिक वाहिनीवर या समितीची नजर असते. उपग्रह वाहिनीबद्दल तक्रार आली, तर समिती ती वर पाठवते. त्या तक्रारीवरचा निर्णय केंद्रीय मंत्रालयाच्या हाती.

गैरसमज ४ : महिन्याचा दर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी ठरवतात.

वस्तुस्थिती : दरांचे नियमन २००४ पासून ‘ट्राय’ या केंद्रीय नियामकाकडे आहे. सशुल्क वाहिनीची किंमत प्रसारक जाहीर करतो. जोडणीसाठीच्या शुल्कावर, म्हणजे ‘नेटवर्क कपॅसिटी फी’वर, पूर्वी २०० वाहिन्यांसाठी कर वगळून १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती उठवली. मात्र सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीने आपले दर जाहीर केलेच पाहिजेत. केबलवाला अमुकच रक्कम मागतो, तेव्हा त्या जाहीर दरपत्रकाशी ती ताडून पाहावी.

गैरसमज ५ : केबलवाल्याने दाद दिली नाही, की थेट ट्राय किंवा ‘टीडीसॅट’कडे जायचे.

वस्तुस्थिती : ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाचे भांडण सोडवत नाही. टीडीसॅट या लवादाकडे कंपन्यांचे आपसांतले वाद आणि ग्राहकांच्या गटाची तक्रार जाते. एकट्या ग्राहकाने आधी सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे दाद लागली नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे. तेथेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

थोडक्यात, वायर आणि रस्त्यासाठी पालिका, बेकायदा केबल व स्थानिक वाहिनीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय किंवा पोलीस आयुक्त, आणि पैशांच्या व सेवेच्या वादासाठी कंपनी, मग ग्राहक आयोग. दरमहा दिलेल्या पैशांची पावती आणि तक्रार क्रमांक मात्र जपून ठेवा. पुराव्याशिवाय यातल्या कोणत्याही कचेरीत तुमची बाजू लंगडी पडेल.