बी. कॉम. म्हणजे नुसत्या बेरजा नव्हेत!

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मार्क कमी पडले ना? मग घाला कॉमर्सला!" जणू बी. कॉम. म्हणजे उरलेल्यांची रांग. मला हे बोलणं मुळीच पटत नाही. आईबाबांनाही सांगते, आधी त्या अभ्यासात काय असतं ते तरी पाहा.

समजा, वर्गाची सहल निघाली. ४० मुलांनी प्रत्येकी १५० रुपये दिले. झाले ६००० रुपये. बसला ४५०० गेले, खाऊला १२०० गेले, हातात उरले ३००. आपण एवढं वहीत लिहून मोकळे होतो. कॉमर्सचा विद्यार्थी मात्र प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहितो! पैसे आले, ते रोख खात्याच्या नावे आणि सहल-वर्गणीच्या खात्याला जमा. आधी रोजकीर्दीत नोंद, मग खतावणीत प्रत्येकाचं वेगळं खातं आणि शेवटी तेरीज पत्रक. त्यात नावेची आणि जमेची बेरीज सारखी यायलाच हवी. इटलीतले व्यापारी असा हिशेब ठेवत. लुका पाचोली या ख्रिस्ती साधूने, तो गणितीही होता बरं का, १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात ही पद्धत समजावून सांगितली. आजही जगभर तीच चालते.

"थांबा, थांबा," तुम्ही म्हणाल, "पैसे आले तर जमा म्हणायला हवं! पासबुकात तसंच असतं." शाब्बास! अकरावीला पुस्तपालन शिकताना बरीच मुलं इथेच अडखळतात. गंमत अशी, की पासबुक तुमचं असलं तरी हिशेब बँकेच्या बाजूने लिहिलेला असतो. तुम्ही ठेवलेले पैसे म्हणजे बँकेचं तुम्हाला देणं. म्हणून बँक तुमच्या खात्यावर जमा लिहिते. तुमच्या स्वतःच्या वहीत मात्र तीच रक्कम बँक खात्याच्या नावे पडते. एकच व्यवहार, दोन घरांतून पाहिलेला!

आता समजा, बेरजा जुळल्याच नाहीत. फरक आला ९००. मुरलेला हिशेबनीस लगेच त्याला ९ ने भागून बघतो. भाग पूर्ण गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी. शोधा बरं! सापडलं, खाऊचे १२०० खतावणीत २१०० झालेत. कोणत्याही संख्येतल्या दोन अंकांच्या जागा बदलून पाहा, फरकाला ९ ने भाग जातोच.

पण हं, बेरजा जुळल्या म्हणजे हिशेब खरा, असं नाही. एका मुलाचे १५० रुपये वहीत चढलेच नाहीत, तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतील आणि तेरीज ऐटीत जुळेल! ते पैसे कुणाच्या खिशात गेले, हे वही सांगणार नाही. तिथे पावत्या आणि सहलीला आलेल्या मुलांची यादी वहीशी ताडून बघावी लागते. याला म्हणतात लेखापरीक्षण. गावची पतसंस्था, आईचा बचत गट, इथे लोकांचा घामाचा पैसा असतो. तो वाचवायचा तर असं ताडून बघणारी माणसं हवीत, आणि ती मार्कांच्या उरल्यासुरल्या रांगेतून नाही मिळत.

बी. कॉम. तीन वर्षांचं असतं. नव्या धोरणात चौथ्या वर्षाचाही पर्याय आहे. व्यापारी कायदा, अर्थशास्त्र, प्राप्तिकर हेही त्यात येतं. बेरजा आता संगणक करतो. पण बसची दुरुस्ती हा यंदाचा खर्च आणि नवी बस ही मालमत्ता, हे कळणारं डोकं माणसाचंच लागतं. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ पासून वाणिज्य शिकवतंय. नोकरी सांभाळून शिकायचं असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातही बी. कॉम. करता येतं. आणि कुणाला सी. ए. व्हायचं असेल, तर वाटा दोन: बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा द्यायची, नाहीतर बी. कॉम.ला किमान ५५ टक्के मिळवून थेट इंटरमीजिएट गाठायचं.