पडद्यावरच्या नर्तकी : ट्रामचालकाची कार्ला

गेल्या आठवड्यात आपण बॅलेतल्या पदन्यासाविषयी बोललो. पण नुसत्या पायांवर बॅले उभा राहत नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे इटलीची कार्ला फ्राची.

तिचा जन्म मिलानचा, २० ऑगस्ट १९३६चा. वडील ट्रामचालक, आई कारखान्यात कामगार. १९४६ साली ला स्काला या ऑपेरागृहाच्या नृत्यशाळेत निवडीसाठी ती उभी राहिली, तेव्हा परीक्षकांना पोर फारच किरकोळ वाटली. चेहरा गोड म्हणून घेतलं, असं ती पुढे सांगत असे. शाळेत मात्र तिचं मन रमेना. आडव्या दांडीला धरून रोज तेच ते करायचं, कंटाळा येणारच! मग 'स्लीपिंग ब्यूटी'त बालकलाकार म्हणून मंचावर गेली असताना तिने विख्यात नर्तकी मार्गो फॉन्टेनला जवळून पाहिलं आणि ही मेहनत कशासाठी, ते तिला कळलं. वडिलांची ट्राम स्कालासमोरून जायची, तेव्हा ते लेकीसाठी घंटा वाजवत, हीही तिनेच सांगितलेली आठवण.

१९५८मध्ये ती स्कालाची प्रमुख नर्तकी झाली. पण तिचं नाव कायमचं जोडलं गेलं ते 'जिझेल' या बॅलेशी. १९६९मध्ये नर्तक एरिक ब्रूनबरोबर केलेला या बॅलेचा चित्रपट पाहिला की कारण कळतं. पहिल्या अंकाच्या शेवटी जिझेलला समजतं, की आपला प्रियकर उमराव आहे आणि त्याचं लग्न दुसरीकडे ठरलं आहे. केस मोकळे सुटतात. हातात फूल नसताना ती पाकळ्या खुडू लागते. मघाशी आनंदाने टाकलेली पावलं पुन्हा टाकू पाहते, पण ती जमत नाहीत. नृत्य म्हणून यात फारसं काही नाही, अवघड उड्या तर नाहीतच. प्रसंग पेलायचा तो डोळ्यांनी, आणि इथे कॅमेरा थेट तिच्या चेहऱ्याजवळ जातो. उंच उडणाऱ्या नर्तकी पुष्कळ झाल्या. माझ्या मते फ्राची मुळात अभिनेत्रीच होती, पाय हे तिचं साधन.

म्हणूनच पुढचा प्रवास मला ओघाने आलेला वाटतो. हर्बर्ट रॉसच्या 'निजिन्स्की' (१९८०) चित्रपटात ती तमारा कार्साविना झाली. म्हणजे नर्तकीने नर्तकीच साकारायची. खरी कसोटी लागली ती रेनातो कास्तेल्लानीच्या 'व्हेर्दी' (१९८२) या दूरचित्रवाणी मालिकेत. तिथे ती झाली जुझेप्पिना स्त्रेप्पोनी. संगीतकार व्हेर्दीच्या 'नाबुक्को' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात, १८४२ साली, स्कालातच गायलेली ही गायिका. पुढे तिचा आवाज गेला. लग्नाआधी संगीतकाराबरोबर राहते म्हणून बुसेत्तो गावाने तिला नावं ठेवली. १८५९मध्ये दोघांनी लग्न केलं. कला हातची गेलेली बाई उभी करायची, आणि तीही न नाचता. आयुष्यभर शब्दांविना बोललेल्या कलावतीला ही भूमिका द्यावी, यात दिग्दर्शकाची नजर दिसते.

पती बेप्पे मेनेगात्ती स्वतः नाट्यदिग्दर्शक, एके काळी दिग्दर्शक व्हिस्कोंतींचे सहायक. भूमिका आतून समजून घेण्याची तिची सवय त्या घरात आणखी पक्की झाली असणार.

जानेवारी २०२१मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ती स्कालात परतली आणि तिथल्या तरुण नर्तकींना 'जिझेल' शिकवून गेली. त्याच वर्षी २७ मे रोजी मिलानमध्येच तिचं निधन झालं. 'जिझेल'चा तो जुना चित्रपट मिळाला, तर निदान पहिला अंक जरूर पाहा. पायांकडे नंतर बघता येईल.