शेतमजुरांचे आरोग्य व सुगीच्या दिवसांतील साथी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर बांधलेले धरण १९६८ साली पूर्ण झाले. येथे साठविलेले पाणी वीजगृहातून खाली सोडले जाते, सिद्धेश्वर येथे पुन्हा अडविले जाते आणि तेथून कालव्यांनी शेतापर्यंत पोचते. या पाण्यामुळे ऊस, हळद, केळी व गहू ही पिके या भागात स्थिरावली. पीक वाढले तशी मजुरांची गरजही वाढली. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, उसाची तोडणी आणि हळदीची खोदणी व शिजवणी ही कामे आश्विनापासून फाल्गुनापर्यंत एकामागून एक येतात. ती वेळेवर झाली नाहीत तर वर्षाची मेहनत पदरात पडत नाही.

अशा वेळी मजुरांच्या टोळीत हगवण, कॉलरा, हिवताप किंवा डेंगी यांपैकी एखाद्या रोगाने शिरकाव केला, तर मजुराची मजुरी बुडते आणि शेतकऱ्याचे पीक शेतात उभे राहते. म्हणून मजुराचे आरोग्य ही त्याची एकट्याची बाब नसून बी, खत व अवजारे यांच्याप्रमाणेच ती शेतीच्या तयारीतील एक बाब आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पूर्वीचा अनुभव

रोगाने कामधंदा कसा बंद पडतो याचा अनुभव महाराष्ट्राने अनेकदा घेतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा लाखो लोक शहर सोडून गावोगाव निघून गेले आणि गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले. शहर सोडणाऱ्यांबरोबर रोगही बाहेरगावी पोचला. २०२० साली कोविडच्या साथीत २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा राज्यातील एक लाखाहून अधिक ऊसतोडणी मजूर निरनिराळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. पुढे एप्रिलमध्ये आरोग्य तपासणी करून त्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय झाला.

हिवतापाचा इतिहासही बोधप्रद आहे. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू असतात, हे डॉ. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे सिद्ध केले. त्या काळी परभणी जिल्हाही त्याच निजामाच्या राज्यात मोडत असे. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हा रोग होत असे व आठ लाख लोक त्याला बळी पडत, असा अंदाज होता. मोहिमेमुळे १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. परंतु पुढे दक्षता सैल झाली, डासांना व जंतूंना औषधे दाद देईनाशी झाली आणि १९७६ साली ही संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. रोग हटला म्हणजे काम संपले असे समजणे किती घातक आहे, हे यावरून दिसून येते.

रोग लपविला का जातो

गिरण्या व कारखाने यांतील कामगारांसाठी १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला व आजारपणात वेतनाचा काही भाग मिळण्याची सोय झाली. शेतमजुराच्या वाट्याला अशी सोय आली नाही. रोजंदारीवरील मजूर एक दिवस घरी राहिला तर त्या दिवसाची चूल पेटण्याची पंचाईत होते. ऊसतोडणी मजुराची स्थिती याहून कठीण असते. त्याने हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि कामावर न गेल्यास खाडा पडतो. मग अंगात ताप असतानाही तो कोयता हाती घेतो. जुलाब होत असले तरी कोणास सांगत नाही.

साथीचे मूळ पुष्कळदा येथेच असते. पहिल्या दोन दिवसांत रोगी वेगळा ठेवून उपचार केले असते, तर जो रोग एका कोपीपुरता राहिला असता, तोच सामाईक घागर, सामाईक ओगराळे व डास यांच्या द्वारे साऱ्या तांड्यात पसरतो.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, बारा मजुरांच्या टोळीत एकास जुलाब सुरू झाले. शेतकऱ्याने त्याला तीन दिवस विश्रांती दिली व त्या दिवसांची पूर्ण मजुरीही दिली, तर तीन दिवसांच्या मजुरीचा खर्च येतो. ती न दिल्यामुळे तो कामावर येत राहिला आणि त्याच्यापासून आणखी चौघांना लागण होऊन प्रत्येकाचे सहा दिवस वाया गेले, तर चोवीस दिवसांचे काम बुडते. शिवाय उरलेले सात जण भीतीने गावी निघून गेले तर नुकसानीला सीमा राहत नाही. तेव्हा आजारी मजुरास विश्रांतीच्या दिवसांची मजुरी देणे, निदान खाडा न धरणे, हा दानधर्म नसून आपल्या पिकाचा विमाच आहे. हा करार काम सुरू होण्यापूर्वी मुकादमासमक्ष सर्वांना स्पष्ट सांगावा. नाही तर रोग लपविण्याची सवय सुटत नाही.

पिण्याचे पाणी

हगवण, कॉलरा, विषमज्वर व कावीळ हे रोग बहुधा दूषित पाण्यातून येतात. कालव्याचे वाहते पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी पिण्यास योग्य नसते. वरच्या अंगाला गुरे धुतली जातात, कपडे धुतले जातात व काठावर शौचास बसणारेही असतात. म्हणून मजुरांसाठी पिण्याच्या पाण्याची एक विहीर किंवा बोअर ठरवून द्यावी.

विहिरीचे पाणी ब्लीचिंग पावडरने शुद्ध करता येते. ग्रामपंचायतीत ही पावडर टी.सी.एल. या नावाने ओळखली जाते. चांगल्या प्रतीची पावडर दर एक हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम या प्रमाणात लागते. विहिरीतील पाणी मोजण्याची रीत अशी : विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याला त्यानेच गुणावे, आलेल्या संख्येस पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. जो आकडा येईल तितके हजार लिटर पाणी विहिरीत आहे असे समजावे. उदाहरणार्थ, व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असल्यास सुमारे ३७,७०० लिटर पाणी असते व त्यास सुमारे ९५ ग्रॅम पावडर पुरते.

पावडर तशीच विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करून मग बादली तीन चतुर्थांश भरावी व ढवळून दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुना तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडावी व पाण्याखाली हिसके देऊन औषध सर्वत्र मिसळावे. एक तासानंतर पाणी वापरण्यास हरकत नाही. हे काम रात्री उशिरा केले म्हणजे सकाळी पाणी तयार असते. साथीच्या काळात ते रोज करावे. पावडर उघडी किंवा उन्हात राहिल्यास तिची शक्ती जाते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या भांड्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे ओ.टी. परीक्षेने कळते. औषधाचे थेंब टाकताच पाण्यास पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे असे समजावे.

मजुरांच्या मुक्कामी पाण्याच्या भांड्यास झाकण व लांब दांड्याचे ओगराळे असावे. शौचाची जागा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगास असावी. शौचानंतर व जेवणापूर्वी हात धुण्यासाठी साबण ठेवावा. एका वडीचा खर्च कोणत्याही औषधापेक्षा कमी आहे.

डासांचा बंदोबस्त

हिवतापाचा डास कालव्याच्या झिरप्यात, चाऱ्यांत तुंबलेल्या पाण्यात व खड्ड्यांत अंडी घालतो आणि रात्री चावतो. डेंगीचा डास घरातील रांजण, पिंप, जुने टायर व फुटक्या भांड्यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी केली, तर डासांची पिढी मध्येच खुंटते. हा कोरडा दिवस बाजाराच्या दिवसाप्रमाणे साऱ्या गावाने एकाच वारी पाळावा.

चाऱ्यांची दुरुस्ती करून तुंबलेले पाणी काढून द्यावे, लहान खड्डे बुजवावेत व न बुजणाऱ्या हौदांत गप्पी मासे सोडावेत. मजुरांना मच्छरदाण्या द्याव्यात. कोप्या शक्यतो झिरप्याच्या जागेपासून दूर व एकमेकींत मोकळी जागा ठेवून बांधाव्यात. दाटीवाटीने राहिल्यास सर्दी-खोकल्याचे व श्वासाचे रोगही झपाट्याने पसरतात.

रोग दिसताच काय करावे

थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी उपकेंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे रक्त तपासून घ्यावे. हिवताप निघाल्यास गोळ्यांचा क्रम पुरा करावा. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्यास जंतू शरीरात उरतात व रोग पुन्हा उलटतो. डेंगीची शंका असल्यास अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांपैकी काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे व घोटघोट पाजत राहावे. १९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतील सलाइन अपुरे पडताच मीठ, साखर व सोडा यांचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. त्या छावणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा रोगी ग्लानीत गेला, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व वाटेतही पाणी पाजणे चालू ठेवावे.

एकाच तांड्यात एका दिवशी दोघांना पाण्यासारखे जुलाब झाले किंवा एकाच आठवड्यात अनेकांना ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रास तात्काळ कळवावे. कळविल्याने गावाची बदनामी होते हा समज चुकीचा आहे. न कळविल्याने मात्र साथ शेजारच्या गावात जाते.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

बाहेरगावची टोळी गावात उतरताच तिची नोंद आशा कार्यकर्तीकडे पोचविणे, पाण्याची विहीर ठरविणे, पावडरीचा साठा पाहणे व शेतकरी आणि मुकादम यांना एकत्र बसवून आजारपणातील मजुरीचा करार करविणे, ही चार कामे ग्रामकार्यकर्त्यांनी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच उरकावीत. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्या लसी राहिल्या असल्यास त्याही याच वेळी द्याव्यात. परगावी आल्याने लस चुकली, असे कोणाचेही होऊ नये.

येलदरीच्या पाण्याने या भागातील शेती फुलली. त्याच पाण्याच्या काठी कोपी बांधून राहणाऱ्या मजुरास पिण्यास शुद्ध पाणी, रात्री मच्छरदाणी आणि तापात दोन दिवसांची निश्चिंत विश्रांती मिळाली, तर सुगी वेळेवर घरी येईल. ती घरी आणणारे हातही धडधाकट राहतील.